३,३५,५०,३३६ या संख्येत एवढं विशेष काय आहे? ती कोणकोणत्या प्रकारांत मोडते?

ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे. म्हणजे ती स्वतः सोडून तिचे बाकीचे सगळे विभाजक मिळवले की बेरीज पुन्हा तीच येते. २८ घेऊन पाहा : १ + २ + ४ + ७ + १४ = २८. तुमच्या संख्येला असे २५ विभाजक आहेत, पण ते एकेक करून मिळवत बसावं लागत नाही.

अवयव पाडले की ४०९६ × ८१९१ मिळतात. ४०९६ हा २ चा १२ वा घात, आणि ८१९१ मूळ संख्या. १, २, ४ असं दुप्पट करत ४०९६ पर्यंतचे तेरा विभाजक मिळवले की ८१९१ होतात. उरलेले बारा म्हणजे ८१९१ ची १ पट, २ पट, ४ पट, असं २०४८ पटीपर्यंत. त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. आता दोन्ही एकत्र करा : ८१९१ × ४०९६. वहीत ही ओळ पहिल्यांदा उतरली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो.

सगळी भिस्त आहे ती ८१९१ मूळ असण्यावर. ती म्हणजे २ चा १३ वा घात वजा १, आणि १३ स्वतः मूळ असल्यामुळे तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला २६ ने भागलं तर बाकी १ च यायला हवी. ९० पर्यंत तपासलं की पुरतं, आणि तिथवर अशा मूळ संख्या दोनच : ५३ आणि ७९. पहिलीने भागल्यावर बाकी २९, दुसरीने ५४. झालं, दोन भागाकारांत निकाल!

बाकीचे प्रकार याच गुणाकारातून निघतात. १ पासून ८१९१ पर्यंतची बेरीज म्हणून ती त्रिकोणी संख्या आहे, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांचा त्रिकोण मांडता येतो; षटकोनीही आहे, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांतून एकाच कोपऱ्यातून वाढत जाणारे षटकोनही मांडता येतात. द्विमान पद्धतीत लिहिली तर तेरा १ आणि पुढे बारा ०. शिवाय १ ते १२७ या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. पूर्ण वर्ग मात्र ती नाही. अंकांची बेरीज २८ येते, म्हणजे दुसरी परिपूर्ण संख्या. हा निव्वळ योगायोग असला तरी मला फार आवडतो.

प्राचीन ग्रीकांना ६, २८, ४९६ आणि ८१२८ माहीत होत्या. एक, दोन, तीन, चार अंकी. त्यावरून पाचवी पाच अंकी असेल असं वाटणं साहजिक होतं, पण ती निघाली थेट आठ अंकी. कारण १३ च्या आधीचा मूळ घातांक ११, आणि तिथे मिळणारी २०४७ (२ चा ११ वा घात वजा १) मूळ नाही, ती २३ × ८९ आहे. शेवटचा अंक आलटून पालटून ६ आणि ८ येतो हा समजही पुढच्याच संख्येवर मोडला : सहावी ८,५८,९८,६९,०५६, तिच्याही शेवटी ६ च.