जुन्या मालट्रकची निगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टाटांची टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं चालला. त्या काळातल्या, जाळीवर तीन टोकांचा तारा मिरवणाऱ्या टाटा-मर्सिडीज गाड्या अजून कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या मळ्यात उभ्या आहेत. या वेळी आलेले प्रश्न त्यांच्याबद्दलचे आहेत.

प्रश्न : वडिलांची १९६८ सालची १२१० मॉडेलची गाडी आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन जाम नाही, पुलीला पाना लावला की थोडं हलतं. नवी बॅटरी आणून सेल मारून पाहू का? (कराड)

उत्तर : सेल इतक्यात मारू नका. आठ वर्षांत लायनरवरची (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावरची) तेलाची फिल्म गेलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा खोबणीत चिकटलेल्या असतात. कोरड्या सिलिंडरमध्ये सेलच्या जोरावर पिस्टन ओढला की रिंग तुटते, लायनरला ओरखडा जातो. हे नुकसान पहिल्या दहा सेकंदांत होतं आणि त्याचा खर्च संपूर्ण इंजिन बांधणीचा.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल काढा. प्रत्येक भोकातून २० ते ३० मिली इंजिन ऑइल आत सोडा आणि एक दिवस-रात्र मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन हाताने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर न लावता उलटं फिरवा, आणखी तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. डिझेल पंपाच्या बाजूचं झाकण उघडा. आत सहा स्प्रिंगा रांगेत दिसतील, त्यांच्या वरून एक दात्यांची दांडी गेलेली दिसेल. ती रॅक. कोणत्या सिलिंडरला किती डिझेल जायचं ते ही दांडी ठरवते. स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करायची) ओढली की ती सरकली पाहिजे आणि सोडली की अडखळत न येता परत आली पाहिजे. जुनं डिझेल आत सुकून लाखेसारखं चिकट होतं आणि रॅक जागेवर धरून ठेवतं. ती भरपूर डिझेलच्या बाजूला अडकलेली असेल आणि तुम्ही इंजिन सुरू केलंत, तर ते बेफाम पळत सुटतं, किल्ली बंद करून थांबत नाही. अडकलेली रॅक स्क्रू-ड्रायव्हरने ढोसू नका. स्वच्छ डिझेल ओतून एक-दोन दिवस भिजवा, तरी सुटली नाही तर पंप उतरवून टेस्ट बेंच असलेल्या कारखान्यात द्या.

टाकी खाली उतरवून धुवा. तळाला गंज, पाणी आणि काळी साय साचलेली असते. फिल्टर नवे घाला. रबरी नळ्याही बदला, पन्नास वर्षांपूर्वीचं रबर आजच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये आकसून गळू लागतं. इंजिन ऑइल काढून खनिज प्रकारचं १५डब्ल्यू-४० भरा. नवं तेल जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला.

आता पाइपलाइनमधली हवा काढायची. हँड प्रायमरची (डिझेल पुढे ढकलणाऱ्या हातपंपाची) मूठ सैल करा, फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत पंप मारा. स्क्रू आवळा. तेच पंपावरच्या स्क्रूला करा. नोझल परत बसवण्याआधी स्टॉप लिव्हर ओढून धरा आणि सेल मारून तेलाच्या दाबाचा काटा उठतो का पाहा. सलग पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये एक मिनिट थांबा. काटा उठला की नोझल बसवा, त्यांच्या डिझेल पाइपांचे नट एकेक आटा सैल ठेवा, सेलवर डिझेल फुटलं की आवळा.

सुरू करताना एक माणूस हवेच्या तोंडापाशी जाड सपाट फळी घेऊन उभा ठेवा. इंजिन सुटलंच तर त्या तोंडावर फळी दाबून हवा बंद करायची. फडकं किंवा तळहात लावू नका, ओढ इतकी असते की फडकं आत जातं.

ब्रेकचं काम मात्र इंजिनाच्याही आधी करा. हायड्रॉलिक तेल हवेतलं पाणी शोषतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात. सगळे रबर कप नवे, तेल पूर्ण नवं. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, रबर फुगून पेडल दगडासारखं होतं.

प्रश्न : आयडलवर इंजिन एकसारखं चढ-उतार करतं, कधी अचानक रेस होतं. नोझल तपासले, ठीक आहेत. (बार्शी)

उत्तर : पंपाच्या मागच्या टोकाला चपटा गोल डबा आहे का पाहा. असेल तर तुमच्या गाडीला हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा भाग आहे. त्या डब्यात चामड्याचा पडदा असतो. इनटेकच्या (इंजिनात हवा जायच्या वाटेच्या) गळ्यातून एक बारीक नळी तिथपर्यंत येते. आयडलला गळ्यातली झडप जवळजवळ बंद असते, ओढ वाढते, पडदा मागे खेचला जातो आणि रॅक डिझेल कमी करते. ओढ गेली की आतली स्प्रिंग रॅकला पुरत्या डिझेलकडे ढकलते. म्हणजे नळीला चीर पडली, तिच्या टोकाचं रबर सैल झालं किंवा पडदा फाटला, तर इंजिन आपोआप रेस होणारच.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून डब्याकडची नळी काढा. स्टॉप लिव्हर पूर्ण ओढून धरा, नळीच्या भोकावर ओलं बोट घट्ट दाबा आणि लिव्हर सोडा. पडदा शाबूत असेल तर रॅक थोडी सरकून तिथेच थांबते, फार तर हळूहळू परत येते. झटकन परत आली तर पडदा गेलेला आहे किंवा डब्याचा गॅसकेट हवा खातोय. चामडं नुसतं कडक झालं असेल तर हलक्या तेलाचे काही थेंब देऊन मऊ होतं, चीर असेल तर नवाच घालावा लागतो.

अशा गाड्यांमध्ये नळीचं तोंड बुजवून आयडल स्क्रू पिळून काढलेला आम्ही वारंवार पाहतो. हा उपाय नाही. गव्हर्नरच निकामी केलात तर उतारावर क्लच दाबताच इंजिन किती फिरेल याला धरबंध राहत नाही. एअर फिल्टरकडेही बघा. तो तुंबला की ओढ उगाच वाढते आणि चढावर गाडी दमते. एअर फिल्टर तेलाचा असेल तर त्यात तेल खुणेपर्यंतच भरा, जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं आणि त्याच्यावरच पळतं.

प्रश्न : पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर पाणी उकळतं. रेडिएटर नवीन टाकला. मिस्त्रीने थर्मोस्टॅट आधीच काढून टाकलाय, तरी फरक नाही. व्हॉल्व्हचा गॅप किती ठेवायचा तेही सांगा. (फलटण)

उत्तर : फरक पडत नाही याचं एक कारण तो काढलेला थर्मोस्टॅटच असू शकतं. इंजिनात पाण्याला दोन वाटा असतात, एक रेडिएटरमधून आणि एक आखूड, बायपासची, जी थेट पंपाकडे परत जाते. थर्मोस्टॅट गरम झाला की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपास बंद करतो. तोच काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरतं, बरंचसं पाणी थंड न होताच परत हेडमध्ये जातं. सपाटीवर हे लक्षात येत नाही, उलट इंजिन जास्तच थंड राहतं आणि लायनर लवकर झिजतात. चढावर मात्र उकळी फुटते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याला टांगून पाहा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर १० ते १५ मिमी दबावा. बोअरचं पाणी वापरत असाल तर थांबा, ब्लॉकमध्ये क्षाराचा थर बसतो आणि नवा रेडिएटर त्याचं काही करू शकत नाही. ब्लॉकची तोटी उघडून, थर्मोस्टॅट काढून, पाण्याची नळी उलट्या दिशेने लावून गाळ धुवा. मग क्षारमुक्त पाण्यात तिसरा हिस्सा कूलंट भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण गंज आणि उकळी या दोन्हींसाठी कूलंट लागतोच.

व्हॉल्व्हचा गॅपही विचारलात. या घराण्याच्या सहा सिलिंडरी इंजिनांना थंड असताना इनलेट ०.२० मिमी आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी धरतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ आहे. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले की एक नंबर सेट करायचा, तसंच ५ आणि २, ३ आणि ४ यांच्या जोड्या.

प्रश्न : गिअरबॉक्सला सिंक्रो (फेऱ्या आपोआप जुळवणारी रिंग) नाही. खालचा गिअर टाकताना करकरतो. कुंभार्ली घाट उतरायची भीती वाटते. (चिपळूण)

उत्तर : वर जाताना : क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनाच्या फेऱ्या उतरेपर्यंत क्षणभर थांबा, पुन्हा क्लच, वरचा गिअर. खाली येताना मधल्या टप्प्यात, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना, अॅक्सिलरेटरचा एक ठोका द्यायचा. तो किती, हे गुणोत्तरावर आहे. समजा चौथ्याचं गुणोत्तर १.६ आणि तिसऱ्याचं २.४. चौथ्यात इंजिन १६०० फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते २४०० वर असणार. ठोका तेवढा चढला पाहिजे. आवाज कानात बसेपर्यंत रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर, चौथा-तिसरा-चौथा असा सराव करा. गिअर ढकलू नका, मूठ दोन बोटांच्या दाबावर ठेवा. फेऱ्या जुळल्या की तो लोण्यात सुरी जावी तसा जातो.

गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबर तेल घाला. जीएल-५ डिफरन्शियलसाठी ठीक, पण त्यातली काही रसायनं पितळी बुश खातात.

घाटात गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मधल्या उतारावर न्यूट्रल केलात आणि खालचा गिअर पडला नाही, तर गाडी नुसत्या ब्रेकवर सुटते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, चूक झालीच तर एक खालचा. ब्रेक सतत हलका घासत ठेवू नका. इंजिनाचा आवाज चढू लागला की ठाम दाबून वेग चांगला खाली आणा, पूर्ण सोडा, ड्रमला हवा लागू द्या. ड्रम तापून फुगतो, त्यामुळे पेडल खाली जाऊ लागतं. ती पहिली सूचना. करपल्याचा वास ही दुसरी. तेव्हा गाडी रुंद जागी घ्या, गिअरमध्ये बंद करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका, ड्रम थंड होताना आकसतो आणि शू आवळून बसतात. पाणीही ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं.

हवेच्या मदतीचे ब्रेक असतील तर निघण्याआधी हवेच्या टाकीची खालची तोटी उघडून पाणी सोडा. पेडल पाच-सहा वेळा दाबा आणि हवेच्या दाबाचा काटा पुन्हा वर चढायला किती वेळ लागतो ते लक्षात ठेवा. दर महिन्याला तो वेळ वाढत असेल तर कॉम्प्रेसर झिजतोय.

प्रश्न : पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते म्हणतात. ट्रकला मिळेल का? (पुणे)

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापरातली दुचाकी आणि चारचाकी वाहनं येतात. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढची नोंदणी ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, भाड्याने माल वाहता येत नाही. तुमची गाडी कागदावर मालवाहू आहे, म्हणून आरटीओकडे आधी लेखी अर्ज करून उत्तर घ्या आणि मगच पैसे भरा. इंजिन आणि चॅसी नंबरचे छाप आत्ताच घेऊन ठेवा, रंगाच्या थराखाली ते बुजलेले असतात.

प्रश्न : मागचं आतलं चाक पंक्चर आहे, घरीच काढता येईल का? डावीकडचे नट हलतच नाहीत. (सांगोला)

उत्तर : नट हलत नाहीत कारण तुम्ही ते बहुधा आवळताय. या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, उजवीकडे फिरवले की सैल होतात. सुरुवातीला थोडं फिरवून खात्री करा. त्यावर पाइप घालून लटकलात तर स्टड मोडेल.

चाक काढू शकता, पण टायर रिममधून घरी सोडवू नका. या रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणारी लोखंडी कडी असते. नट सैल करण्याआधी बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही टायरमधली हवा व्हॉल्व्हची काडी काढून पूर्ण सोडा, दोन्ही चाकं एकाच नटांवर आवळलेली असतात आणि तडकलेली रिम त्यांच्याच आधारावर तग धरून असू शकते. गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्या रिमची रिंग पुन्हा वापरू नका. हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात. पिंजरा नसेल तर चाक साखळीने गुंडाळून, रिंग जमिनीकडे करून, लांब नळीने बाजूला उभं राहून भरतात. सुटलेली रिंग माणूस मारते. तुमच्या टायरवाल्याकडे यातलं काहीच नसेल तर दुसरा टायरवाला शोधा.

चाक परत बसवल्यावर नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा आणि ५० किलोमीटर चालवून पुन्हा आवळा. नट आणि रिममधला नवा रंग खरवडून काढा, रंगाचा थर दबला की नट सैल होतात.