गुडघा वाकवताना वाटी किती सरकते, हे घरी कसं मोजायचं?
ढोबळ अंदाज नक्की घेता येतो. खुर्चीत बसून गुडघा 90, 60, 30 अंशांवर आणि शेवटी सरळ धरा. प्रत्येक वेळी वाटीच्या दोन्ही कडा नव्याने चाचपून मध्य शोधा. तिथून मांडीच्या हाडाच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्यापर्यंत टेपने अंतर घ्या. पेनाची एकच खूण धरून मोजू नका. वाटी सरकते, कातडी तितकी सरकत नाही; माप चुकतं ते इथेच.

शेवटच्या 30 अंशांकडे नीट बघा. पाय सरळ होताना वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या खोबणीतून सुटते. तेव्हा ती झटकन बाहेरच्या बाजूला जात असेल, तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) अस्थिरोग विभागात दाखवाच. सीटी स्कॅनवर खोबण आणि नडगीचा उंचवटा यांतलं आडवं अंतर मोजतात. 20 मिमीच्या वर ते जास्त धरतात.