जीपीएसची रोजची मापं असूनही जमीन सरकण्याच्या वेगातली चूक एवढी मोठी का धरतात?

कारण आजची चूक कालच्या चुकीला धरूनच येते. 10 वर्षांची 3650 मापं एकमेकांपासून सुटी मानली, तर सरासरीतली चूक साठपट (3650 च्या वर्गमूळाइतकी) कमी दिसते. प्रत्यक्षात ती तेवढी कधीच घटत नाही. उपग्रहांच्या कक्षा, वातावरणातली वाफ यांतल्या चुका दिवसेंदिवस रेंगाळतात. शिवाय पावसाने माती फुगली की अँटेनाचा खांबच हळूहळू सरकतो! म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियात खांबाचे पाय सुमारे 10 मीटर खोल रोवले.

1999 साली 23 जीपीएस स्थानकांच्या अभ्यासात आढळलं, की हा रेंगाळणारा गोंगाट, म्हणजे या रेंगाळणाऱ्या चुका, हिशेबात धरला नाही तर वेगातली चूक 5 ते 11 पट कमी दाखवली जाऊ शकते. भूकंपाच्या धोक्याच्या अंदाजासाठी वर्षाला मिलिमीटरभर सरकणारी भेग मोजताना हे फार महाग पडतं. त्यामुळे नुसता वेग देऊ नका, गोंगाटाचं कोणतं प्रारूप (मॉडेल) धरलं तेही लिहाच.