फोक्सवॅगन व्हॅनच्या इंजिनाचे वरचे दोन बोल्ट

प्रश्न : माझ्याकडे फोक्सवॅगनची 1971 सालच्या मॉडेलची, 1600 सीसी इंजिनाची व्हॅन आहे. क्लच बदलायचा असल्याने इंजिन उतरवायला घेतले आहे. गिअरबॉक्सला इंजिन धरून ठेवणाऱ्या चार जोडांपैकी खालचे दोन नट लगेच सापडले. वरचे दोन मात्र दिसतही नाहीत. मागून पंख्याच्या कवचापलीकडे हात घातला, तर उजवीकडे बोल्टचे डोके बोटांना लागते, पण डावीकडे नट किंवा डोके असे काहीच लागत नाही. हे बोल्ट कोणत्या बाजूने आणि कोणत्या पान्याने सोडवावेत? – एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या बोटांनी जे सांगितले आहे ते अगदी बरोबर आहे, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तरही त्यातच आहे. हे दोन बोल्ट फार घट्ट असतात म्हणून त्रास देतात असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा माणूस ज्या टोकाला पाना लावून झटतो, ते टोक फिरण्यासाठी केलेलेच नसते. म्हणून जोर लावण्याआधी प्रत्येक बोल्टचे फिरणारे टोक कोणते आणि अडकवलेले टोक कोणते, हे ठरवून घ्यावे. पुढे जेथे डावे-उजवे म्हटले आहे, तेथे गाडीच्या पुढच्या दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचे डावे-उजवे समजावे.

उजवीकडचा वरचा बोल्ट दुहेरी काम करतो. तो इंजिनाच्या क्रँककेसमधून (म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचातून) निघून गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगमधून (क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचातून) जातो आणि पुढे स्टार्टरच्या कानातून, म्हणजे स्टार्टर बसवण्यासाठी बाहेर आलेल्या भोकाच्या भागातून, बाहेर पडतो. तेथे त्याला नट असतो. त्याचे डोके इंजिनाच्या बाजूला असते आणि ते नेहमीसारखे षट्कोनी नसून त्याची एक बाजू सपाट कापलेली असते. ही सपाट बाजू क्रँककेसला टेकून राहते, त्यामुळे नट फिरवताना बोल्ट फिरत नाही. आपल्या बोटांना लागते ते हेच डोके, आणि त्याला पाना लावण्याची काहीही गरज नाही. काम गाडीखाली झोपून, स्टार्टरच्या वरच्या अंगाला करायचे आहे. उजवे मागचे चाक काढून ठेवले, तर हात शिरायला पुष्कळ जागा होते.

डावीकडच्या बोल्टची रीत उलटी आहे. ऑगस्ट 1970 पासून, म्हणजे 1971 च्या मॉडेलपासून, ऑइल कूलर पंख्याच्या कवचातून बाहेर काढून त्याच्या पुढे एका वेगळ्या खोक्यात बसवला गेला. थंड होण्याच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता, कारण आधीच्या रचनेत कूलरमधून तापून निघालेली हवा डावीकडच्या सिलिंडरांवर जात असे. पण नव्या जागी बसलेल्या कूलरने वरच्या डाव्या नटापर्यंत हात पोहोचण्याची वाट बंद केली. म्हणून कारखान्याने तो नट क्रँककेसमध्येच पक्का बसवून टाकला. आपल्याला मागून काही लागत नाही त्याचे कारण हे आहे. हा बोल्ट गिअरबॉक्सच्या बाजूने आत शिरतो. त्याचे डोके बेलहाउसिंगच्या डाव्या खांद्यावर, क्लचच्या लिव्हरच्या वरच्या अंगाला असते, आणि ते फिरवले की बोल्ट बाहेर येतो. दुसऱ्या बाजूला कोणी काही धरण्याची आवश्यकता नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पन्नास वर्षांहून जुन्या व्हॅनमध्ये मूळचेच इंजिन असेल अशी खात्री कोणी देऊ नये. कोणीतरी मधल्या काळात आधीच्या सालाचे इंजिन बसवले असेल, तर डावीकडे सुटा नट असेल, आणि मग एकाने मागून पंख्याच्या कवचाला वळसा घालून पाना धरायचा व दुसऱ्याने खालून फिरवायचे, अशी जुनी दोघांची पद्धत वापरावी लागेल. पारख सोपी आहे. प्रत्येक बाजूच्या सिलिंडर हेडमध्ये हवा नेणारी वाट दुहेरी आहे का, हे पाहावे, आणि कवचाच्या पुढे कूलरचे खोके आहे का, ते छोट्या आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहावे. डायनमोच्या बैठकीखाली क्रँककेसवर इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो, तोही वाचावा. मात्र सुट्या भागांची अदलाबदल झालेल्या इंजिनात क्रमांकापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवणे बरे.

आता पान्याविषयी. मूळचे नट आणि डोकी 17 मिलिमीटरच्या पान्याची आहेत. नंतर कोणी दुसरे बोल्ट घातले असतील, तर माप वेगळे निघू शकते, म्हणून सॉकेट आधी हाताने नीट बसवून पाहावे. उजव्या नटासाठी आखूड दांड्याचा, मान वाकलेला रिंग पाना चालतो. सुरुवातीचा पीळ सुटला की पुढचे काम थोडे-थोडे फिरवत करावे लागते आणि तेथे घाई उपयोगाची नाही. डाव्या बोल्टसाठी सहा कोनी सॉकेट, त्यामागे युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारा सांधा), त्याला लांब एक्स्टेन्शन आणि शेवटी रॅचेट अशी जुळणी करावी. युनिव्हर्सल जॉइंट लुळा पडून सॉकेट डोक्यावरून घसरत राहते. त्याच्याभोवती इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे दिले, तर तो वाकतो पण लोंबत नाही. बारा कोनी सॉकेट येथे टाळावे, कारण न दिसणाऱ्या जागी ते तिरके बसले तरी कळत नाही आणि डोक्याच्या कडा गोल होतात.

वरून जागा करता येईल का, असा विचार मनात येणे साहजिक आहे. पण आपल्या व्हॅनमध्ये पेट्रोलची टाकी गिअरबॉक्सच्या वरच बसवलेली असल्याने वरचा मार्ग बंद आहे. त्याऐवजी इंजिन किंचित तिरके करावे. या व्हॅनच्या इंजिनाला मागच्या बाजूने मिशीच्या आकाराचा एक आडवा दांडा तोलून धरतो. इंजिनाखाली जॅक लावून वजन त्यावर घ्यावे, त्या दांड्याचे बोल्ट काढावेत, चारही मुख्य जोड जसेच्या तसे घट्ट ठेवून जॅक अगदी हळूहळू काही सेंटिमीटर खाली घ्यावा. गिअरबॉक्सचा पुढचा माउंट रबराचा असल्याने एवढे झुकणे तो सहन करतो, आणि बेलहाउसिंगचा माथा टाकीपासून दूर होऊन पान्याला हवी ती जागा मिळते. मात्र त्याआधी एअर क्लीनर, वायरी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, हीटरचे पाइप आणि त्यांच्या केबल, हे सगळे सोडवलेले असले पाहिजे. पेट्रोलचा रबरी पाइप सोडण्यापूर्वी चिमट्याने आवळून बंद करावा, कारण टाकी उंचावर आहे आणि पाइप निघाल्यावर पेट्रोल वाहतच राहते.

या सगळ्याच्याही आधी बॅटरीची अर्थची तार काढावी. हे मी नेहमीचा उपचार म्हणून लिहीत नाही. स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर बॅटरीची तार थेट येते, मध्ये फ्यूज नसतो आणि किल्ली बंद असली तरी तेथे वीज असते. आपला पाना नेमका त्याच्याच शेजारी, आंधळेपणाने फिरणार आहे. त्याचे एक टोक टर्मिनलला आणि दुसरे गिअरबॉक्सला लागले की ठिणग्या उडतील, आणि त्या पेट्रोलच्या टाकीखाली उडतील.

क्रमाविषयी थोडक्यात. आधी वरचे दोन काढावेत, खालचे दोन नट सर्वांत शेवटी. जॅक आणि क्रँककेसमध्ये लाकडाची फळी घालावी व वजन तेलाच्या जाळीच्या पातळ झाकणावर येऊ देऊ नये. पुण्या-मुंबईच्या गॅरेजमध्ये चेन-पुलीने फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन वर उचललेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी ते चित्र विसरावे. हे इंजिन आधी सरळ मागे आणि मग खाली जाते. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच इंच, ते अगदी समपातळीत मागे सरकले पाहिजे. शंभर किलोंहून अधिक वजनाचे हे इंजिन क्षणभर जरी त्या शाफ्टवर लोंबले, तरी नवी क्लच प्लेट आणण्याआधीच शाफ्टची किंवा जुन्या प्लेटची नासाडी होते. गिअरबॉक्सलाही खालून स्वतंत्र आधार द्यावा, आणि गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली जाऊ नये. भक्कम स्टँड हवेतच.

प्रश्न : माझ्या 1600 सीसीच्या व्हॅनमध्ये स्टार्टरजवळचा वरचा नट सैल होतो आहे असे वाटते, पण तो कितीही फिरवला तरी बाहेर येत नाही. बहुधा पूर्ण बोल्टच फिरतो आहे. कापून टाकावा का? – एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

उत्तर : आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने हा बोल्ट चालकाच्या बाजूचा आहे, एवढे ध्यानात घेऊन वरचे वर्णन वाचावे. बोल्ट नटाबरोबर फिरतो याची कारणे दोनच संभवतात. एक तर सपाट कापलेल्या डोक्याचा मूळ बोल्ट हरवून कोणी साधा षट्कोनी बोल्ट घातला आहे, किंवा मूळ बोल्टच मागे सरकला असून त्याची सपाट बाजू क्रँककेसवरून सुटली आहे. दुसरे कारण असेल तर उपाय अगदी किरकोळ आहे : मदतनीसाने मागून हात घालून डोके क्रँककेसकडे दाबावे, सपाट बाजू जागेवर बसेपर्यंत किंचित फिरवावे आणि तसेच दाबून ठेवावे. साधा बोल्ट निघाला, तर मदतनीसाला 17 चा रिंग पाना द्यावा. डोक्याच्या कडा गेल्या असतील, तर आवळून बसणारी व्हाइस ग्रिप लावावी. पंख्याच्या कवचामागे ती शिरवताना हात सोलवटतात, तेव्हा जुने हातमोजे घालावेत.

एवढ्याने भागले नाही, तरच नट तोडण्याचा विचार करावा. ग्राइंडर मुळीच वापरू नये. पेट्रोलच्या वाफा हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे असे की क्रँककेस आणि गिअरबॉक्सचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, त्याचा कीस पेट घेतो आणि तशी आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. याच कारणाने गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याचा आपल्याकडचा लाडका उपायही येथे वर्ज्य समजावा. नट फोडण्याचे स्क्रूचे साधन मिळते, ते बसत असेल तर उत्तम. नाहीतर करवतीचे नुसते पाते कापडात गुंडाळून हाताने नटाची एक बाजू कापत आणावी. वेळ लागेल, पण तेथे नट स्टार्टरच्या कानावर बसलेला असल्याने पाते घसरलेच तर ओरखडा स्टार्टरवर पडेल, इंजिनाच्या कवचावर नव्हे.

पहिल्या प्रश्नातल्या डाव्या बोल्टबाबतही असा प्रसंग येऊ शकतो. क्रँककेसमध्ये रोवलेला नट आपल्या खाचेतून सुटला, तर खालून बोल्ट नुसता गरगर फिरतो. तेव्हा कार्ब्युरेटर आणि डायनमोचा पट्टा सोडून, खालच्या थर्मोस्टॅटचा बोल्ट काढून, पंख्याचे कवच थोडे वर उचलावे लागते. थर्मोस्टॅट विसरू नये. त्याची तार कवचातल्या झडपांना जोडलेली असते आणि ती तशीच ठेवून कवच ओढले तर वाकते. कवच वर आले की नट धरता येतो.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि सगळे नट-बोल्ट गंजतात. इंजिन परत बसवताना स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरले तर पुन्हा जाम होणार नाहीत ना? – एक वाचक, टोरांटो, कॅनडा

उत्तर : बोल्ट चकचकीत राहील, पण त्याच्याभोवतीचे कवच झिजेल. मॅग्नेशियम हा फार लवकर गंजणारा धातू आहे, आणि खारट ओलाव्यात तो स्टीलला चिकटून असला की गंज मॅग्नेशियमवर चढतो. स्टेनलेस स्टीलच्या सान्निध्यात हे अधिक जोमाने होते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले, 8.8 दर्जाचे साधे बोल्ट घ्यावेत. त्यांचा व्यास 10 मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर 1.5 मिलिमीटर असते. उजवीकडे एक बाजू सपाट कापलेल्या डोक्याचाच बोल्ट मिळवावा. हवाई शीतनाच्या फोक्सवॅगनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे तो सहज मिळतो. आट्यांना जाम न होऊ देणाऱ्या पेस्टचा पातळ थर द्यावा आणि बोल्टची भोके तारेच्या ब्रशने साफ करून कोरडी ठेवावीत.

आवळताना सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या जास्त ताकदीच्या असतात. या चार जोडांना कारखान्याने ठरवलेला पीळ (टॉर्क) 30 न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे 22 फूट-पाउंड, एवढाच आहे. खालचे दोन स्टड, म्हणजे ज्यांवर नट बसतात ते बिनडोक्याचे बोल्ट, थेट क्रँककेसमध्ये रोवलेले असतात. लांब दांड्याचा पाना घेऊन ते मनाच्या समाधानापर्यंत आवळले, तर स्टड मॅग्नेशियमचे आटे ओढून बाहेर येतो आणि मग तेथे नवे आटे बसवून घेण्याचा खर्च उभा राहतो. इंजिन बेलहाउसिंगला चारही बाजूंनी पूर्ण टेकेपर्यंत एकही नट पान्याने आवळू नये. फट राहिली असेल, तर क्लच प्लेट मध्यावर नाही किंवा शाफ्टचे दाते जुळलेले नाहीत असे समजावे. चौथ्या गिअरमध्ये गाडी टाकून, चाके जमिनीवर असताना, मागून पुलीचा नट पान्याने थोडा-थोडा फिरवला की दाते एकमेकांत बसतात आणि इंजिन आपोआप पुढे सरकते.

इंजिन बाहेर असतानाच स्टार्टरच्या शाफ्टचे पितळी बुश बदलून घ्यावे. ते बेलहाउसिंगमध्ये बसलेले असते, किंमत नगण्य असते, आणि ते झिजल्यामुळे रखडणारा स्टार्टर बदलण्यासाठी उजवीकडचा तोच वरचा नट पुन्हा सोडवावा लागतो.