प्रश्न तुमचे : गिटहबवर मराठी मजकूर कसा द्यावा?

प्रश्न : मी मराठीची शिक्षिका आहे. एका मुक्तस्रोत शैक्षणिक ॲपची मदतपानं मराठीत लिहून देते. वर्डची फाइल मेलने पाठवली की उत्तर येतं, ‘गिटहबवर पुल रिक्वेस्ट करा.’ त्यासाठी काळ्या पडद्यावरच्या कमांड शिकाव्या लागतील का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. गिटहब म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांतले बदल सांभाळणारी साइट, आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा बदल तुमच्या प्रकल्पात घ्या’ अशी विनंती. ब्राउझर आणि गिटहबचं मोफत खातं एवढ्यावर काम भागतं. खातं उघडल्यावर आधी सेटिंग्जमधल्या ‘ईमेल्स’ भागात जाऊन आपला पत्ता खासगी ठेवण्याचा पर्याय चालू करा. नाहीतर प्रत्येक बदलासोबत तुमचा ईमेल सार्वजनिक इतिहासात नोंदला जातो, आणि तिथून तो काढणं जिकिरीचं असतं.

आता जे पान सुधारायचं ते उघडून पेन्सिलीच्या चिन्हावर क्लिक करा. मूळ प्रकल्पात लिहायचा अधिकार तुम्हाला नसतो, म्हणून गिटहब ‘फोर्क’ करायला सांगेल, म्हणजे प्रकल्पाची एक प्रत तुमच्या खात्यात बनेल. खुशाल करा, मूळ प्रकल्पाला धक्का लागत नाही. मजकूर बदला, ‘प्रिव्ह्यू’मध्ये पाहा, ‘कमिट चेंजेस’ दाबा. काय बदललं ते एका ओळीत लिहा. ‘दुरुस्त्या केल्या’ असं मोघम नको. ‘नोंदणीच्या पानावर पासवर्डची पायरी जोडली’ असं हवं. मग ‘प्रपोज चेंजेस’ आणि पुढच्या पानावर ‘क्रिएट पुल रिक्वेस्ट’. बऱ्याच जणांचं घोडं अडतं ते इथे. हे शेवटचं बटण दाबायचं राहिलं, तर काम तुमच्याच प्रतीत पडून राहतं आणि तिकडे कुणाला पत्ताही लागत नाही.

वर्डला नकार का, तर गिट, म्हणजे गिटहबच्या मुळाशी असलेलं बदलांची नोंद ठेवणारं साधन, ओळीओळीने तुलना करतं. वर्डची फाइल आतून झिप असते. तिच्याबद्दल गिट फक्त ‘फाइल बदलली’ एवढंच सांगू शकतं. मदतपानं बहुधा मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात असतात. त्यात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. मध्ये रिकामी ओळ सोडली नाही, तर वाचकाला सगळी वाक्यं एकाच परिच्छेदात दिसतात. तपासणाऱ्याला मात्र नेमकं कोणतं वाक्य बदललं ते कळतं. दोघांनी एकाच वेळी पान बदललं तरी दूरदूरच्या ओळी गुण्यागोविंदाने एकत्र येतात. लागोपाठच्या ओळी असतील तर मात्र ‘कॉन्फ्लिक्ट’ येऊ शकतो, म्हणजे कोणाचा बदल ठेवायचा ते माणसाला ठरवावं लागतं.

आणखी एक. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीत असेल, तर गिटहबवर पेस्ट केल्यावर अगम्य अक्षरांचा काला दिसेल. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही, युनिकोडमध्ये रूपांतरच करावं लागतं. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली असते आणि ‘सूर्य’चा रफार शेवटी. रूपांतरात त्यांच्याच जागा सगळ्यांत आधी चुकतात.

प्रश्न : मी ॲपवरच्या सूचनांचा अनुवाद करून फाइल दिली. प्रकल्पवाले म्हणतात, ॲप त्या पानावर बंद पडतं. अनुवादाने ॲप कसं बंद पडेल? – एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : पडू शकतं. मूळ वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेला एस किंवा डी असेल, तर ॲप चालू असताना तिथे नाव किंवा आकडा भरलं जातं. ते चिन्ह गळलं, मध्ये जागा सुटली किंवा डी मराठीत लिहिला गेला, की गडबड होते. अशी दोन चिन्हं असून मराठीत त्यांचा क्रम उलटत असेल, तर नुसती अदलाबदल करू नका. त्यांना क्रमांक कसे जोडायचे ते प्रकल्पवाल्यांना विचारा. पीओ फाइलमध्ये, म्हणजे मूळ वाक्य आणि अनुवाद जोडीने ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ‘एमएसजीआयडी’ची म्हणजे मूळ वाक्याची ओळ तशीच ठेवायची, अनुवाद फक्त ‘एमएसजीएसटीआर’पुढच्या अवतरणचिन्हांत.

खरं सांगायचं तर अनुवादकाला अशी फाइल हाताळायला लावणं हा प्रकल्पाचाच आळस. वेबलेटसारख्या साधनात वाक्यं चौकटीत एकेक समोर येतात, सुटलेल्या चिन्हाची सूचना मिळते आणि गिटमधली नोंद तुमच्या नावाने आपोआप होते. प्रकल्पवाल्यांकडे त्याची मागणी करा.

प्रश्न : आमचा छोटा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. लेखक-अनुवादक एकदा मदत करतात, पुन्हा फिरकत नाहीत. काय बदलावं? – एक वाचक, परसोडी, नागपूर

उत्तर : मुख्य शाखेवर, म्हणजे प्रकल्पाच्या अधिकृत प्रतीवर, कुणी थेट बदल करू नये असं संरक्षण लावा आणि ‘तुमच्या हातून काही मोडणार नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहा. प्रत्येक मदतपानाच्या तळाशी थेट संपादनाचा दुवा द्या. फक्त मजकूर बदलला असेल तर सगळ्या चाचण्या चालवू नका. एका अनुस्वारासाठी माणसाला लाल फुलीकडे पाहत बसायला लावू नये.

कॉन्फ्लिक्ट त्यांच्या गळ्यात मारू नका. वैयक्तिक खात्यातल्या फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये देखभालकर्त्यांना बदल करू देण्याची खूण बहुधा आधीच केलेली असते, तेव्हा तो तुम्हीच सोडवा. विलीन करताना ‘स्क्वॉश’ वापरलं, तर त्यांच्या पाच-सहा किरकोळ नोंदींची एक होते. मग त्यांना एवढंच कळवा : जुनी शाखा काढून टाका, आपली प्रत मूळ प्रकल्पाशी जुळवायला ‘सिंक फोर्क’ दाबा आणि पुढचा बदल नव्या शाखेवर करा.