पुण्यात पुस्तकं विकत घ्यावीत की वाचनालय लावावं? आणि वाचनाची आवड इतकी वर्षं टिकते कशी?

वाचनालय लावा. भाड्याचं घर, दर अकरा महिन्यांनी करार संपला की पुस्तकांची खोकी उचलायची, आणि त्यातली निम्मी पुस्तकं अजून वाचायचीच आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त कुणीतरी म्हणायला हवंय. मी म्हणते.

दुसरा प्रश्न, आवड टिकते कशी, याचंही माझं उत्तर तेच आहे. नारायण पेठेत वाढले, बँकेत नोकरी केली, आता कोथरूडला असते, आणि शाळेत असल्यापासून कुठल्या ना कुठल्या वाचनालयाची सभासद आहे. माझ्याहून कितीतरी जास्त आवड असलेल्या मैत्रिणींचं वाचन चाळिशीच्या आत सुटलेलं मी पाहिलंय. त्यांच्याकडे पुस्तकं भरपूर होती. परतीची तारीख नव्हती. विकत घेतलेलं पुस्तक कपाटात बसून राहतं, त्याला कसली घाई? वाचनालयाचं पुस्तक मात्र शनिवारी परत द्यायचं असतं. मुलं लहान असताना माझं बरंचसं वाचन पीएमटीच्या बसमध्ये आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना झालं, ते केवळ या तारखेच्या धाकानं. शिवाय पुस्तक आवडलं नाही तर चाळिसाव्या पानावर सोडून द्यायला काही वाटत नाही. स्वतःचे पाचशे रुपये घातले असले की माणूस कंटाळवाणं पुस्तकही नेटानं ओढत बसतो, आणि वाचनाचा वीट येतो तो असाच.

आता पुण्याचं. तुम्ही इथे नवीन आहात म्हणून आधीच सांगते, सदाशिव पेठेत किंवा शनिवार पेठेत 'लायब्ररी' अशी पाटी दिसली म्हणून आत पुस्तकं असतीलच असं नाही. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठीच्या अभ्यासिका असतात त्या. टेबल, खुर्ची, वायफाय, महिन्याचे पैसे. मोबाइलवर शोधलंत तरी आधी त्याच येतील. खरी वाचनालयं हवी असतील तर जुन्या संस्थांकडे जा. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचं. त्याच वर्षी भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, म्हणजे पाहा किती जुनं. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं. पाटीवर 'शासनमान्य, अ वर्ग' असं दिसलं तर संग्रह दांडगा आहे असं समजायला हरकत नाही. 1967 च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात आणि सरकारी अनुदान त्यावर ठरतं. अनुदान किती आणि ते कधी मिळतं हे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारू नका, दिवस वाया जाईल त्यांचा.

गल्लीबोळातली छोटी खाजगी वाचनालयं होती तीही फार चांगली होती. पण व्हिडिओ कॅसेटच्या काळात बऱ्याच जणांनी एका भिंतीवर कॅसेटी लावल्या, मग दोन भिंतींवर, मग दुकानच गेलं. तुमच्या घराजवळ एखादं उरलं असेल तर आधी तेच लावा. लांबच्या मोठ्या ग्रंथालयापेक्षा भाजी आणायला जाता-येता लागणारं छोटं वाचनालय बरं. नाहीतर पुस्तकं घरपोच देणारेही आहेत, हिंजवडीतल्या ऑफिसातून सुटून पेठेत पोचेपर्यंत दारं बंद झाली असतील तर तो मार्ग धरा.

नाव नोंदवताना अनामत आणि वर्गणी असे दोन आकडे सांगतील. अनामत परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. भाडेकरू असाल तर कराराची प्रत आणि एखाद्या स्थानिक सभासदाची ओळख मागतात कुठे कुठे. एक पुस्तक-एक मासिक, दोन पुस्तकं, असे प्रकार असतात. 'एक पुस्तक-एक मासिक' घ्या. बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असतं आणि आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असं नाही, हे पाहून घ्या.

कपाटांकडे मात्र लगेच धावू नका. आधी टेबलावर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पडलेला असतो, तो पाहा. अजून जागेवर लावलेली नसतात ती. लोक खरोखर काय वाचतायत ते तिथे कळतं. मला आवडलेली कितीतरी पुस्तकं त्या गठ्ठ्यातली आहेत, ज्यांची परीक्षणं मी कधी वाचली नव्हती आणि वाचली असती तर पुस्तकं घेतली नसती. दुसरी खूण म्हणजे शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी. शिक्क्यांवर शिक्के असतील तर पुस्तक फिरतंय. वीस वर्षांत तीनच शिक्के असतील तर एकतर पुस्तक फार वाईट आहे किंवा फार चांगलं. मी असली पुस्तकं मुद्दाम घेते. (संगणक आल्यापासून ही पट्टी बऱ्याच ठिकाणी गेली. सोय झाली असेल, मजा गेली.)

बांधणीचं आधीच सांगून ठेवते, म्हणजे वैतागणार नाही. चार हात फिरून पुस्तक खिळखिळं झालं की ते बाइंडरकडे जातं. तो मूळचं मुखपृष्ठ काढून टाकतो, पाठीला रेक्झिन लावतो, आणि कडेनं अशी घट्ट शिवण घालतो की पुस्तक उघडं ठेवायला दोन्ही अंगठे लागतात. आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत जातात. डाव्या पानावर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अंदाजानं वाचायचा, उजव्या पानावर पहिला. डाव्या पानावर 'म्हणा' दिसलं की 'म्हणाला' की 'म्हणाली' हे पुढच्या वाक्यावरून ठरवायचं. आठवडाभरात सवय होते.

आणि आधीचे वाचक! पुण्यात पुस्तक घेणाऱ्याला मत नसेल असं होत नाही, आणि पेन्सिल हाताशी असते. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केलेल्या असतात. एका कादंबरीत समासात 'हे अशक्य आहे, तेव्हा ही गाडी पुण्यास थांबत नसे' असं सुवाच्य अक्षरात वाचलंय मी. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी नुसतं 'डॉक्टर' असं लिहून ठेवलं होतं. मी चिडले, तरी वाचलं, आणि शेवटपर्यंत त्या बिचाऱ्या डॉक्टरवर संशय घेत राहिले. खुनी डॉक्टर नव्हताच! तो लिहिणारा माणूस मला अजून भेटायचाय.

दिवाळीच्या सुमारास दिवाळी अंक योजना निघते, ती चुकवू नका. 1909 साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही चैन चालू आहे, पण आता एकेका अंकाला तीन-चारशे रुपये पडतात. योजनेत ठरावीक रक्कम भरली की दोन-तीन महिने अंक बदलून बदलून नेता येतात. पहिल्या आठवड्यात चांगले अंक हाती लागत नाहीत, जुने सभासद टपून बसलेले असतात. डिसेंबरात मात्र निवांत मिळतात.

म्हणजे विकत काही घेऊच नये का? घ्या की. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत गेल्यावर हात आवरत नाही, मलाही नाही. माझा नियम इतकाच की वाचनालयातून आणून वाचलेलं पुस्तक दुसऱ्यांदा मागावंसं वाटलं तर विकत घ्यायचं. शब्दकोश आणि कविता याला अपवाद. कवितांचं पुस्तक पंधरा दिवसांत परत द्यायला लावणं हा अत्याचार आहे.

खोक्यांचं आता. दोन घरबदलांत जे खोकं उघडलंच नाही ते आधी काढा. त्यातली छापून मिळत नाहीत अशी पुस्तकं तेवढी बाजूला ठेवा, बाकीची घेणार का असं वाचनालयाला विचारा. न विचारता नेऊन टाकू नका, सगळे जुनी पाठ्यपुस्तकं आणून ओततात म्हणून ते वैतागलेले असतात. उरलेली ठेवाल ती माळ्यावर नको. पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोक्यात ओल धरते, मग कसर लागते, आणि कसर लागलेलं एक पुस्तक शेजारची चार घेऊन जातं. उघड्या फळीवर, भिंतीपासून थोडं सुटं, मागे वेखंडाचे तुकडे. आणि हे सगळं या पावसाळ्याच्या आत करा.