रोपं मोठी होताना त्यांचे आपसातले संबंध बदलतात का? जंगलावर त्याचा काय परिणाम होतो?

हो, बरेच बदलतात. उघड्या, कोरड्या जागी कोवळं रोप झुडपाच्या सावलीत तगतं. वाढलं की त्याच झुडपाशी पाण्या-उजेडासाठी झगडतं, कधी त्याला झाकूनही टाकतं. कृतघ्नच म्हणायचं!

पण जंगलात कोण राहणार, हे बरंचसं लहानपणीच ठरतं. मातृवृक्षाखाली बिया भरपूर पडतात, मात्र त्या जातीवर जगणाऱ्या बुरशी आणि किडीही तिथेच दबा धरून असतात. त्यामुळे स्वजातीच्या गर्दीतली रोपं जास्त मरतात आणि मोकळ्या जागेत इतर जाती शिरतात. उष्णकटिबंधीय जंगलांतल्या विविधतेमागे हे कारण असावं, असं डॅनियल जॅन्झन (१९७०) आणि जोसेफ कॉनेल (१९७१) या पर्यावरणशास्त्रज्ञांनी मांडलं. मोठ्या झाडांना हा धोका सहसा कमी. त्यांची चढाओढ मुख्यतः उजेड, पाणी आणि जागेसाठी.